आजोबांच्या मर्फीवर लागणारं ‘आपलं स्टेशन’ कुठलं?

प्रश्न असा आहे: गंगापूर रोडच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांचा मर्फीचा व्हॉल्व्हवाला रेडिओ सापडला. आजोबा रोज सकाळी ‘आपलं स्टेशन’ लावायचे, असं वडील सांगतात. नाशिकला एएम केंद्र कधी होतं, त्याचा इतिहास काय, आणि हा सेट दुरुस्त करून घेतला तर आता त्यावर काही लागेल का?

मी रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी सरळ उत्तर. नाशिकला एएमचं, म्हणजे मीडियम वेव्हचं केंद्र कधीच नव्हतं. आकाशवाणीचं नाशिक केंद्र १०१.४ मेगाहर्ट्‌झवर लागतं आणि ते पहिल्यापासून एफएमच आहे. धुळे, नगर, बीड, सातारा अशी स्थानिक एफएम केंद्रं उभी राहिली, त्याच पिढीतलं हे. तुमच्या गंगापूर रोडवरचा आकाशवाणीचा टॉवर बघून पुष्कळांना वाटतं की आजोबांच्या वेळचं स्टेशन इथूनच लागत असणार. पण आजोबांच्या मर्फीला ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झचा बँडच नाही. टॉवरच्या पायथ्याशी नेऊन ठेवलात तरी तो सेट नाशिक केंद्र पकडणार नाही.

मग ‘आपलं’ कुठलं? नव्वद टक्के घरांत ते ‘मुंबई ब’ होतं. आताच्या लोकांना ते अस्मिता वाहिनी या नावाने माहीत आहे: ५५८ किलोहर्ट्‌झ, सुमारे ५३७ मीटर. मराठी कार्यक्रम, मराठी बातम्या, शेतीचा कार्यक्रम, सगळं त्यावर. नाशिकमध्ये एक खांब नाही, एक खोली नाही, आणि तरी पन्नास वर्षं नाशिकचं स्थानिक केंद्र तेच होतं, असं माझं मत आहे. ते का झालं याचं उत्तर कार्यक्रमांत जितकं आहे, तितकंच डोंगरांत आणि तरंगलांबीत आहे.

आधी केंद्राचा इतिहास. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन होते, पण केंद्र सरकारी नव्हतं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खासगी कंपनी ते चालवायची. स्टुडिओ अपोलो बंदरला रेडिओ हाउसमध्ये, प्रक्षेपक वरळीला, आणि ताकद दीड किलोवॅट. आज बाथरूममधला गिझर याहून जास्त खातो. त्या ताकदीत दिवसा सह्याद्री ओलांडून नाशिकपर्यंत कामाचं काही येणं कठीण. रात्री, लांब एरियल आणि महागडा विलायती सेट असेल तर आवाज पकडता आला असता, एवढंच. कंपनीचं उत्पन्न मुख्यतः परवान्याच्या १० रुपयांतल्या वाट्यावर होतं. परवाने काढणारे थोडे आणि बिनपरवाना ऐकणारे भरपूर. तीन वर्षांच्या आत, मार्च १९३० मध्ये, कंपनी बुडाली आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हातात घेतला. ८ जून १९३६ रोजी त्याच सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. १९३८ मध्ये मुंबईला शॉर्टवेव्हचा प्रक्षेपक आला. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला आलेली केंद्रं अवघी सहा: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. म्हणजे अख्ख्या मराठी मुलखाला एक मुंबई. नागपूर १९४८ मध्ये आलं, पुणे २ ऑक्टोबर १९५३ ला.

नाशिकच्या दृष्टीने या तारखांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वाढत गेलेली ताकद. प्रक्षेपक मालाडच्या पश्चिमेला खाडीकडच्या जमिनीवर गेले आणि ‘अ’ व ‘ब’ दोन्ही वाहिन्या पुढे १०० किलोवॅटवर पोचल्या. मीडियम वेव्हचा मास्ट, म्हणजे उंच खांब, खारट, ओल्या जमिनीत रोवला की लहर जमिनीला धरून लांब जाते. मालाडला ती सोय आयती होती. अडचण पुढे सुरू होते. मालाड ते नाशिक सरळ रेघ मारा: वाडा आणि शहापूरच्या मधून, वैतरणेच्या धरणाच्या डोक्यावरून, अंजनेरीच्या दक्षिणेकडून. अंतर साधारण १३५ किलोमीटर, त्यातलं अर्ध्याहून जास्त काळ्या पाषाणावरून. बेसॉल्ट कोरडा झाला की जमिनीवरची लहर शोषून घेतो. त्यात घाट आडवा.

इथेच ५५८ चा फायदा. जमिनीवरून जाणाऱ्या लहरीचा नियम असा की आकडा जितका कमी, तितकी ती लांब टिकते आणि डोंगराला वळसाही बरा घालते. त्यामुळे ‘मुंबई ब’ नाशिकमध्ये भर दुपारी स्वच्छ, ‘मुंबई अ’ १०४४ वर त्याहून मंद, आणि विविध भारतीची ११८८ किलोहर्ट्‌झवरची मुंबई वाहिनी, जिची ताकदही निम्मी म्हणजे ५० किलोवॅट, ती दिवसा खरखरीतून ओढून काढावी लागायची. एकाच गावातले प्रक्षेपक, पण सिडकोतल्या स्वयंपाकघरात त्यांचा आवाज इतका वेगळा. मराठी कार्यक्रम सगळ्यात खालच्या आकड्यावर होते हे नाशिकचं नशीब. ते ११८८ वर असते तर इथल्या दोन पिढ्या पुणे केंद्राच्या श्रोत्या झाल्या असत्या.

पुणे आपल्या सरळ दक्षिणेला, सुमारे १६५ किलोमीटरवर, ७९२ किलोहर्ट्‌झ. सिन्नर, निफाडकडे पुणं चांगलं लागायचं. सुधा नरवणे यांचा बातम्या देणारा आवाज त्या बाजूच्या जुन्या माणसांना आजही आठवतो. पुणे केंद्राचं नाव काढलं की जुनी मंडळी गीतरामायणाचाच विषय काढतात: १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक गीत, एकूण ५६. पंचवटी ज्या गावात आहे, त्याला ते जवळचं वाटावं यात नवल नाही. मालेगाव, सटाणा, नांदगाव पट्ट्यात मात्र जळगावचं ९६३ किलोहर्ट्‌झ. तिकडून दुरुस्तीला आलेला सेट चालू केला की काटा बहुधा जळगावावरच असायचा. गिऱ्हाईक कुठल्या गावचं ते विचारायची गरज नसे.

आता एक कारागिरी सांगतो, जी पुस्तकात फारशी सापडत नाही. ट्रान्झिस्टर सेटमध्ये काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर तांब्याच्या तारेचं कॉइल. कांडीच्या दोन टोकांच्या दिशेने येणारं स्टेशन ती जवळजवळ ऐकतच नाही. आडव्या बाजूने येणारं उत्तम ऐकते. नाशिकहून मुंबई नैर्ऋत्येला आणि जळगाव ईशान्येच्या अंगाला, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच रेघेवर, विरुद्ध टोकांना. म्हणून मुंबईसाठी जमवून ठेवलेल्या सेटवर रात्री जळगावही सुरेख लागायचं, पण पुणं ऐकायचं तर सेट जरा वळवावा लागे. संभाजीनगरचं १५२१ पूर्वेला, त्यासाठी आणखी वेगळा कोन. ‘आमचा रेडिओ फळीवर ठेवला की बंद पडतो, टेबलावर चालतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांचा सेट शंभर टक्के ठीक असायचा. फळीवर ठेवल्यावर कांडीचं टोक स्टेशनच्या दिशेला व्हायचं, एवढंच. तुमच्या मर्फीत बहुधा फेराइट नसेल. त्याला मागे एरियल आणि अर्थ अशी दोन भोकं असतील. एका भोकात खोलीभर बांधलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, दुसऱ्यात नळाच्या पाइपाला गुंडाळलेली तार. जुन्या वाड्यांच्या तुळयांना त्या जाळीचे खिळे अजून दिसतात.

रात्रीचा प्रकार वेगळा. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागात एक थर असतो, तो मीडियम वेव्हची आकाशात गेलेली लहर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि ती लहर वरून परत खाली येते. शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या गावाला ही रात्रीची मेहेरबानी पचत नाही, कारण जमिनीवरून आलेली आणि आकाशातून आलेली अशा दोन्ही लहरी तिथे सारख्या जोराने भेटतात. कधी एकमेकींना हात देतात, कधी एकमेकींना मारतात. नाशिक नेमकं त्या पट्ट्यात. म्हणून रात्री नऊनंतर मुंबईचा आवाज हळूच बुडायचा, घोगरा व्हायचा, मिनिटाभराने वर यायचा. नागपूर किंवा त्याहून लांबची केंद्रं त्या वेळी उलट स्थिर लागत. हे सेटमधल्या बिघाडाने होत नाही, हे पटवण्यात धंद्यातला बराच वेळ गेला.

कार्यक्रमांबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यावर लिहिणारे खूप आहेत आणि बहुतेक जण डोळे पुसत लिहितात. कामगार सभा, दुपारचं वनिता मंडळ, फर्माइशीचं आपली आवड, संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्या, आणि ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी नि मीनावहिनी: बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू. या मालिकेचं घर मुंबईचं असलं तरी भद्रकालीतल्या वाड्यांना ते परकं वाटलं नाही. सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यावर आणि नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पाळ्या असल्यामुळे ऐकण्याच्या वेळाही पाळीप्रमाणे ठरत; पहिल्या पाळीचा माणूस सकाळच्या बातम्यांआधी घराबाहेर पडलेला असे. शेतकऱ्यांना हवामान आणि बाजारभाव हवे असत. द्राक्षबागा वाढल्या तशी पावसाच्या अंदाजाची गरज वाढली. शेतकरी रेडिओच्या बोलण्यापेक्षा रेडिओच्या खरखरीवर जास्त विश्वास ठेवायचे, हेही सांगून टाकतो. वळवाची वीज दूर कुठे चमकली तरी मीडियम वेव्हवर ‘तडतड’ ऐकू येते. आभाळ निरभ्र असताना सेट तडतडायला लागला की बेदाण्याची शेड झाकायला धावणारी माणसं मी ओळखतो. अंदाज चुकायचा, पण अधिकृत अंदाजाहून जास्त नाही.

सगळे मुंबई ब ऐकायचे असंही नाही. १९५२ मध्ये माहिती-प्रसारण मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची गीतमाला. ती शॉर्टवेव्हवर, २५ मीटरच्या आसपास; शॉर्टवेव्हची लहर आकाशातून खाली येते, त्यामुळे सह्याद्रीचा प्रश्नच नव्हता. नाशिकला सिलोन मुंबईइतकंच लागायचं. सरकारला शहाणपण आलं ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू करून. आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरला त्यावर जाहिराती आल्या. माझ्या मते केसकरांनी शास्त्रीय संगीताचं भलं केलं, पण बँड स्विचचं वाटोळं केलं. त्या काळच्या सेटचे बँड स्विच मीडियम-शॉर्ट, मीडियम-शॉर्ट करून झिजलेले असत, आणि ते बदलण्यात आमच्या पिढीच्या दुकानांचं पोट भरलं.

बातम्यांच्या बाबतीत सरकारी केंद्राची मर्यादा लोकांना ठाऊक होती. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींच्या निधनाची बातमी दिवसा बीबीसीने दिली, आकाशवाणीने संध्याकाळी. मेनरोडवर दुपारीच सगळ्यांना माहीत झालेलं होतं. तरीही खात्रीसाठी माणसं संध्याकाळपर्यंत मुंबईच लावून बसली. बीबीसीवर कळायचं आणि आकाशवाणीवर पक्कं व्हायचं.

परवान्याचंही सांगायला हवं, कारण त्यातून तुमच्या सेटचा माग लागेल. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ बाळगायला पोस्टात दर वर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागे. तपासनीस येणार अशी कुणकुण लागली की एरियलची जाळी आत ओढली जायची. आजोबांच्या कागदपत्रांत ते छोटं पुस्तक शोधा. त्यावर सेटची माहिती आणि पोस्टाचे शिक्के असतात. सेट कधी घेतला, कधीपर्यंत चालू होता, ते त्यावरून जवळपास ठरवता येतं. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, त्यामुळे नाशिकमध्ये मर्फीचे सेट आणि सुटे भाग सहज मिळत. फिलिप्स, बुश, नेल्को, नॅशनल एको हेही येत.

डायलच्या काचेवर मुंबईची खूण छापलेली असेल तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. २३ नोव्हेंबर १९७८ पासून भारतासह जगाच्या मोठ्या भागात मीडियम वेव्हवरची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्‌झच्या अंतरावर नव्याने बसवली गेली. ५५८, ७९२, ९६३, १०४४, ११८८, सगळ्यांना नऊने भाग जातो तो त्यामुळे. त्याआधीच्या सेटवरची खूण थोडी इकडेतिकडे असणार. त्यात डायलचा दोरा सैल झाला असेल तर काटा आणखी भलतीकडे.

आता शेवटचा प्रश्न: आज काय लागेल? प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत मीडियम वेव्हचे अनेक प्रक्षेपक बंद केले आहेत, आणि तीसहून जास्त ठिकाणी डीआरएम हे डिजिटल तंत्र बसवलं आहे. डीआरएमची लहर मर्फीवर पडली तर नुसती फुसफुस ऐकू येते, शब्द नाही. हे झालं तिकडचं. इकडचा दोष त्याहून मोठा आहे आणि तो आपल्या घरात आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स, सोसायटीतल्या लिफ्टचा ड्राइव्ह, पार्किंगमध्ये चार्ज होणारी स्कूटर, ही सगळी ५०० ते १६०० किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट ओततात. १९७५ मध्ये कॉलेज रोडला जो क्षीण आवाज ऐकू येत होता, तोच आज आला तरी त्या गोंगाटाखाली गाडला जाईल. लोक म्हणतात एएम मेलं. अर्धं मेलं, अर्धं आपण चार्जर लावून झाकलं.

म्हणून मर्फीवर पैसे घालण्याआधी एक करा. कुणाकडून तरी सेलवर चालणारा साधा दोन बँडचा ट्रान्झिस्टर मागून आणा. रात्री आठनंतर गावाबाहेर, त्र्यंबक रोडला किंवा गिरणाऱ्याकडे शेतात न्या आणि काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, सेट गोल फिरवत. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच करा. तिथे जे लागेल त्याहून जास्त मर्फी देणार नाही. घरात तर कमीच देईल.

सेट मात्र तसाच प्लगला लावू नका. इतक्या वर्षांनी त्यातले फिल्टर कंडेन्सर वाळलेले किंवा शॉर्ट असतात, आणि ते फुटले तर मेन्स ट्रान्सफॉर्मर सोबत जातो; तो परत मिळत नाही. आधी मागचं झाकण काढून उंदरांनी वायरचं रबर खाल्लंय का बघा. मग जुन्या कारागिराकडून कागदी कंडेन्सर आणि फिल्टर बदलून घ्या, आणि पहिल्यांदा चालू करताना साधा १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भकभकीत पेटून राहिला तर लगेच बंद.

अस्मिता वाहिनी आकाशवाणीच्या मोबाइल ॲपवर मिळते. मर्फीच्या मागे ग्रामोफोनचा पिकअप जोडायला दोन भोकं असली तर फोनचा आवाज तिथून देऊन सेटच्या स्पीकरवर ऐकता येतो, आणि तो फोनपेक्षा फार गोड येतो. पण आधी सेटच्या मागची पट्टी वाचा. तिथे नुसतं ‘एसी’ असेल तर हरकत नाही. ‘एसी/डीसी’ असेल तर त्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते आणि तुमच्या फोनच्या वायरीतून २३० व्होल्ट हातात येऊ शकतात. अशा सेटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय काहीही जोडू नका, आणि बटनांचे सुटलेले नॉब परत बसवल्याशिवाय मुलांना हात लावू देऊ नका.